विकत मिळते, मग करायचे कशाला?

पैसा टाकला की वस्तू मिळते, आणि वस्तू मिळाली की प्रश्न मिटतो, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गीय घरांत आता देवघरातल्या समईसारखी कायमची येऊन बसली आहे. या समजुतीशी मला भांडायचे आहे. ऐन दिवाळीत भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाच्या ताटात सारेच लाडू वाढले तर दुसऱ्या घासालाच तोंड मिटते. चकलीचा एखादा तिखट तुकडा असावा लागतो. हा लेख त्या तुकड्याच्या जागी आहे असे समजून वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

भांडणाचे निमित्त सांगते. मी एका माध्यमिक शाळेत मानधनावर चित्रकला आणि कार्यानुभव शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. त्या परीक्षेचे नाव बदलून जमाना झाला, पण आमच्या घरात तिला अजून मॅट्रिकच म्हणतात. चार कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या दोन कागदावर, पुढच्या दोन संगणकावर. आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या नववीच्या पाच मुलांना हाताशी धरून मी संगणकाचा एक कळफलक घरी तयार केला. साठ कळांचा, बिनतारी, कपाटाच्या उरलेल्या सागवानी फळीत बसवलेला, आणि कळांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत देवनागरी अक्षरे रंगवलेला. हा लेख मी त्याच्यावरच लिहीत आहे.

तो पाहून माझे धाकटे दीर म्हणाले, ‘‘वहिनी, सातशे रुपयांना चकचकीत मिळतो की बाजारात! तुम्ही साडेतीन हजार घातलेत आणि वर दीड महिना. मिळवलेत काय?’’

‘‘भाऊजी, तुमच्या सातशेच्या कळफलकात आत काय असते?’’ मी विचारले.

‘‘ते आपल्याला काय करायचेय?’’ ते म्हणाले.

माझे सारे भांडण या एका उत्तराशी आहे. दीर माझे इंजिनिअर आहेत, सज्जन आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी काडीची तक्रार नाही. परंतु ज्या वस्तूवर माणूस रोज आठ तास बोटे आपटतो त्या वस्तूच्या आत काय आहे हे ‘आपल्याला काय करायचेय’, असे एक शिकलेला माणूस अभिमानाने म्हणू शकतो, ही गोष्ट मला एखाद्या गावात विहीर नसण्याइतकी चिंतेची वाटते.

तर आत काय असते ते आधी सांगते. कारण न सांगता नुसते भांडणे हे पुढाऱ्यांचे काम.

साठ कळा आहेत. प्रत्येक कळेची स्वतंत्र तार काढायची म्हटले तर साठ तारा लागतील, आणि त्या घ्यायला यंत्राला साठ पाय लागतील. आम्ही वापरलेली पट्टी अंगठ्याएवढी आहे आणि तिला कामाचे पाय वीसच्या आसपास. मग करायचे काय? एखाद्या पेठेची कल्पना करा. पाच आडव्या आळ्या आणि बारा उभे बोळ. जेथे आळी आणि बोळ एकमेकांना छेदतात तेथे एक घर. अशी साठ घरे. घर सांगायला ‘तिसरी आळी, सातवा बोळ’ एवढे पुरते. पाच आणि बारा मिळून सतरा तारांत साठ कळांचे काम भागते. पट्टीवरची चिप एकेका आळीत क्षणभर वीज सोडते आणि बाराही बोळांत ती कोठे उतरली का ते पाहते. पोस्टमनने गल्लीगल्लीतून हाक देत जावे तसे हे चालते, फक्त हा पोस्टमन एका सेकंदात शेकडो फेऱ्या मारतो.

पण या पेठेत एक भूत राहते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर वीज आडवाटेने फिरून येते आणि कोणीही न दाबलेली चौथी कळ दाबली गेली असे यंत्राला वाटते. या भुताला उतारा एकच. प्रत्येक कळेपाशी एक डायोड बसवायचा. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. जाता येते, परतता येत नाही. काचेच्या तांदळाएवढ्या त्या तुकड्यावर एका टोकाला काळी रेघ असते, आणि साठही रेघा एकाच दिशेला ठेवाव्या लागतात. साठ डायोड, एकशेवीस डाग. आमच्यातल्या एका मुलीने ते सारे सोल्डरचे डाग तीन दुपारीत लावले. नववीत तिला गणितात जेमतेम पस्तीस गुण आहेत. तिच्या साठ रेघांतली एकही उलटी नव्हती.

आणखी एक गंमत. कळ दाबली म्हणजे आतले दोन धातूचे पत्रे एकदाच टेकतात असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. गोटी फरशीवर टाकली की जशी टप्पे खाते तसे ते पत्रे काही सहस्रांश सेकंद थरथरतात. यंत्र इतके चपळ की त्याला एक दाब पाच दाबांसारखा दिसेल, आणि ‘क’ लिहायला जावे तर ‘ककककक’ उमटेल. म्हणून चिपला सांगावे लागते : बाई, पाच सहस्रांश सेकंद धीर धर, थरथर थांबू दे, मग काय ते ठरव. मुलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांतला एक म्हणाला, ‘‘म्हणजे बाई, यंत्रालासुद्धा ऐकून घ्यायला थांबावं लागतं?’’ विज्ञानाच्या पुस्तकात हे वाक्य त्याला सापडले नसते.

चिप आहे नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपनीची. नाव एनआरएफ ५२८४०. सात मिलिमीटर लांब, सात मिलिमीटर रुंद. तेवढ्यात एक गणकयंत्र आणि एक ब्लूटूथचा रेडिओ नांदतात. सेकंदाला सहा कोटी चाळीस लाख ठोके टाकणारे हे गणकयंत्र आमच्या कळा मोजता मोजता कंटाळून जात असेल. म्हणून पंधरा मिनिटे कोणी बोट लावले नाही तर ते झोपी जाते, तसे आम्ही त्याला शिकवून ठेवले आहे. त्यामुळे काड्यापेटीपेक्षा लहान लिथियमची बॅटरी त्याला पुरते. या बॅटरीविषयी मात्र थट्टा नाही. तिची उलटसुलट टोके जोडणे, तिला टोचणे, दाबणे म्हणजे घरात आग बोलावणे. ते काम मोठ्या माणसाने जवळ बसूनच करवावे.

आता मी मूळ मुद्द्यावर येते, आणि तो कान देऊन ऐकण्यासारखा आहे.

कळ दाबली की कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही. तो पाठवतो एक क्रमांक. जगातल्या सर्व कळफलकांनी कोणत्या जागेच्या कळेला कोणता क्रमांक सांगायचा याचा एक तक्ता ठरलेला आहे. त्यात ज्या कळेवर इंग्रजी ‘के’ छापलेला असतो तिचा क्रमांक १४. कळ दाबली, फलकाने ‘चौदा’ म्हटले, त्याचे काम संपले. त्या चौदाचा अर्थ काय लावायचा ते संगणक ठरवतो. संगणकाला ‘इंग्रजी’ सांगितले असेल तर तो ‘के’ काढील. ‘मराठी’ सांगितले असेल तर त्याच चौदाचा ‘क’ काढील आणि शिफ्ट धरून दाबले तर ‘ख’.

वाचकहो, याचा अर्थ नीट मनात धरा. कळफलकाला इंग्रजी येत नाही. त्याला कोणतीच भाषा येत नाही. कळांवर जी इंग्रजी अक्षरे दिसतात ती वरच्या टोपीवरची शाई आहे, शाई! आतल्या तारेला, डायोडला, नॉर्वेच्या चिपला त्या शाईची दादही नसते. आणि आपण मात्र गेली कित्येक वर्षे गळा काढून रडत आहो की, यंत्र इंग्रजीचे, मराठीला यंत्र साधत नाही, काय करावे, काळच असा आला! काळ असा आलेला नाही. टोपीवर शाई तशी आहे, आणि ती पुसण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत.

बरे, मराठीसाठी काही सोयच झालेली नाही असे तरी आहे काय? इन्स्क्रिप्ट नावाची कळरचना भारत सरकारने १९८६ साली प्रमाण म्हणून ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. आज विंडोज, मॅक, लिनक्स अशा प्रत्येक प्रणालीत ती फुकट बसून आहे. आणि ती रचना किती शहाणपणाची आहे ते पाहा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क आणि ख एका कळेवर, ग आणि घ शेजारच्या कळेवर. त आणि थ एका, द आणि ध दुसऱ्या. अल्पप्राण सरळ दाबा, महाप्राण शिफ्ट धरून दाबा. आपल्या वर्णमालेत जे तर्कशास्त्र शतकानुशतके मुलांच्या तोंडी बसलेले आहे तेच बोटांत उतरवले आहे. इंग्रजी कळफलकावर क्यू-नंतर डब्ल्यू का, याचे उत्तर पहिलीतल्या मुलाला देता येणार नाही. क-पाशी ख का, याचे देता येते. शिवाय हीच रचना बंगालीला, गुजरातीला, कानडीला, तेलुगूला. मराठीत ज्या कळेवर क, त्याच कळेवर कानडीतला क. एक शिकलात की बोटांना निम्मा भारत आला.

एवढे असून आपल्यातले किती लोक तिच्यावर लिहितात? माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत मी विचारले; इन्स्क्रिप्टचे नाव ऐकलेलेही दोघे निघाले. उरलेले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांतून. ‘तू कसा आहेस’ हे इंग्रजी स्पेलिंगात लिहायचे आणि यंत्राने त्याचे मराठी करावे म्हणून वाट पाहायची. किंवा तेही न करता रोमनमध्येच पाठवून मोकळे व्हायचे. त्यात ‘न’ आणि ‘ण’ एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ एकच, ‘त’ आणि ‘ट’ एकच. आमच्या मुलांना ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला फरक कानाने कळतो पण बोटाने कळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. आणि त्या दिवशी मला जी अभिनंदनाची पत्रे फोनवर आली त्यांतली निम्मी रोमन लिपीत होती! अभिजात भाषा, आणि तिला स्वतःच्या ‘ळ’ची कळ सापडत नाही. (ती आहे बरे, इंग्रजी ‘एन’च्या टोपीखाली, शिफ्ट धरून.)

एक काळ होता की यंत्राच्या अडचणीसाठी लिपीच कापावी असे मोठमोठ्या माणसांनी मनापासून सुचवले होते. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी पुढे केली, म्हणजे इ-ई-उ-ऊ यांचे वेगळे खिळे नकोत. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणावी असे तिने सुचवले. त्या लोकांना मी हसणार नाही. त्यांच्यापुढे शिशाचे खिळे होते, टाइपरायटरच्या मोजक्या दांड्या होत्या. अडचण खरी होती. आज ती अडचण राहिलेली नाही. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ घरे मिळाली. संगणक ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असाच साठवतो, आणि दाखवताना वेलांटी आपण होऊन डावीकडे नेऊन काढतो. ‘दुसऱ्या’मधला तो मराठीचा लाडका अर्धा र, तोही ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह आणि य अशा तीन कळांत ऐटीत उमटतो. यंत्र लिपीपुढे वाकले. आता वाकायचे राहिलो आहोत ते आपण, आणि तेही इंग्रजी टोप्यांपुढे.

हे सारे मला पुस्तक वाचून कळले असते काय? कदाचित कळले असते. पण माझ्या त्या पाच मुलांना नक्कीच कळले नसते. त्यांनी कळफलक केला म्हणून त्यांना कळले. ज्या दिवशी पट्टीवरची रिसेटची कळ लागोपाठ दोनदा दाबून ती पेन-ड्राइव्हसारखी संगणकात उघडली, आणि आम्ही तयार केलेली फाईल तीत टाकली, आणि फळीवरची एक उघडी कळ दाबल्यावर पडद्यावर ‘क’ आला, त्या दिवशी त्या मुलांना कोणी मातृभाषेच्या अभिमानावर व्याख्यान देण्याची गरज उरली नाही. २७ फेब्रुवारीला आम्ही दरवर्षी ती व्याख्याने देतच असतो.

आता ‘विकत’वाल्यांचे आक्षेप एकेक घेते.

पहिला आक्षेप : हा कळफलक तुमचा कसला? चिप नॉर्वेची, बाकीचे सुटे भाग परदेशातून येऊन लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत विकले गेलेले, आणि आतला कार्यक्रमसुद्धा दुसऱ्यांनी लिहिलेला. खरे आहे. आम्ही झेडएमके नावाचा कार्यक्रम घेतला. २०२० साली सुरू झालेला हा उद्योग देशोदेशींच्या लोकांनी मिळून चालवला आहे; तो फुकट आहे आणि उघडा आहे, कोणीही वाचावा, कोणीही बदलावा. पण मी विचारते, पुरणपोळी तुम्ही घरी करता ना? हरभऱ्याची डाळ तुम्ही पेरली होती काय? गूळ तुमच्या घाण्यावरचा काय? तरी तिला घरची पोळी म्हणता, आणि योग्यच म्हणता. कारण पुरण किती शिजवावे, वेलदोडा किती घालावा, हे तुम्ही ठरवले. आमच्या कळफलकात कोणत्या कळेने काय करावे हे आम्ही ठरवले. पूर्णविराम आणि अवतरणचिन्हे, जी कादंबरीत पावलोपावली लागतात, ती मी अंगठ्यापाशी आणून ठेवली. चार ओळींच्या बदलाने. विकतच्या फलकात ती ठेवणाऱ्याने जेथे ठेवली तेथेच राहतात.

दुसरा आक्षेप : वेळ फुकट गेला. याला उत्तर म्हणून कळफलकाचाच जन्म सांगते. अमेरिकेतल्या मिलवॉकी गावी क्रिस्टोफर शोल्स नावाचा एक छापखानेवाला आणि वर्तमानपत्राचा संपादक होता. एका यंत्रशाळेत दोघा मित्रांबरोबर तो रिकामा वेळ घालवी. तारायंत्राची एक कळ घेऊन तिने एकच अक्षर कागदावर उठवून पाहिले, येथून त्यांची सुरुवात झाली. २३ जून १८६८ रोजी त्यांना पेटंट मिळाले, आणि १८७४ साली रेमिंग्टनचा टाइपरायटर बाजारात आला. म्हणजे आज जो ‘बाजारात मिळतो’ त्याचा आजोबा रिकामटेकड्यांच्या खटाटोपातून निघालेला आहे. त्या आजोबाच्या दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून कळांच्या ओळी जरा तिरक्या सरकवाव्या लागल्या. आज दांड्या नाहीत, दीडशे वर्षे लोटली, तरी बाजारातल्या बहुतेक फलकांत ओळी तिरक्याच. का? कोणी विचारले नाही म्हणून. आम्ही विचारले, आणि कळा उभ्या रांगेत सरळ लावल्या. माझे उजवे मनगट तेव्हापासून दुखायचे थांबले आहे.

तिसरा आक्षेप : आता बोलले की यंत्र लिहिते, कळफलक हवाच कशाला? निरोप पाठवायला बोलणे उत्तम. पण लिहिणे म्हणजे मोठ्याने बोलणे नव्हे. ज्या घरात सासूबाईंची मालिका चालू आहे, मुलगा अभ्यास करतो आहे, त्या घरात कादंबरीतल्या नायिकेचे मनोगत मी खणखणीत आवाजात यंत्राला कसे सांगू? आणि लिहिताना वाक्य तीनदा मोडावे लागते, ते तोंडाने मोडता येत नाही, बोटांनी येते.

चौथा आक्षेप मीच त्यांच्या वतीने मांडते, कारण तो सर्वांत वजनदार आहे : बिनतारी वस्तू घरी करणे धोक्याचे, कंपन्यांचे काम विश्वासाचे. ऐका तर. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की आठ निरनिराळ्या उत्पादकांचे काही स्वस्त बिनतारी कळफलक प्रत्येक दाबलेली कळ हवेत उघडी सोडत होते. शेदोनशे फुटांवर बसलेल्या माणसाला साध्या साधनाने तुमचा पासवर्ड, तुमच्या बँकेचा क्रमांक सारे वाचता यावे. घेणाऱ्यांनी ते विश्वासानेच घेतले होते, आणि आत काय आहे ते ‘आपल्याला काय करायचेय’ असेच म्हटले होते! आमचा फलक ब्लूटूथवर, जोडणी करून, सांकेतिक भाषेतच बोलतो. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती जोडणी कशी होते ते नववीची मुले तुम्हांला फळ्यावर काढून दाखवतील.

आता थोडे कडू सांगायचे आहे. सुट्टीनंतर आम्ही हा कळफलक एका विज्ञान प्रदर्शनात मांडला. डायोड लावणारी ती मुलगी टेबलापाशी उभी होती. परीक्षक आले. त्यांनी फळीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘हे मॉडेल कोठून घेतले?’’

मुलगी म्हणाली, ‘‘सर, केलं.’’

‘‘केले म्हणजे? कोणत्या दुकानातून करून घेतले?’’

‘‘सर, आम्हीच केलं.’’

परीक्षक हसले आणि पुढे गेले. पारितोषिक मिळाले एका ज्वालामुखीला. तो ज्वालामुखी आदल्या आठवड्यात मी दुकानाच्या काचेत पाहिला होता. किमतीची चिठ्ठी तेवढी काढली होती. शाळांच्या आसपास आता ‘प्रकल्प तयार मिळतील’ अशा पाट्या लागलेल्या असतात. आई-बाप पैसे मोजतात, मुले उचलून आणतात, शिक्षक गुण देतात, आणि चौघेही जाणून असतात. मला पारितोषिक हुकल्याचे दुःख नाही. पण ‘केले’ या क्रियापदाचा अर्थ एका सुशिक्षित परीक्षकाला कळू नये, आणि तो ‘करून घेतले’ असा त्याच्या कानांत शिरावा, हे मला सोसत नाही. त्या मुलीने मला परतताना विचारले, ‘‘बाई, दुकानातला आणला असता तर बक्षीस मिळालं असतं का?’’ या प्रश्नाचे उत्तर मी काय द्यावे, ते पालकांनीच सांगावे.

आणि आपण काही मूळचे असे नव्हतो. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा शिळाछाप पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे लाकडी छापयंत्र घडवले, शाई स्वतः करून पाहिली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून दाखवले. जावजी दादाजी त्याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागले; शाळेचे शिक्षण बेताचे; पण त्यांनी टाइपांची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. त्यांच्या देवनागरी टाइपांकडे पाहून आजही डोळे निवतात. या माणसांना विलायतेतून सारे मागवता आले नसते काय? ‘मिळते, मग करायचे कशाला’ असे त्यांनी म्हटले असते तर तुमच्या हातात हा अंक नसता. मराठी अक्षराने यंत्राशी पहिली सोयरीक जोडली ती अशा लोकांच्या काळवंडलेल्या बोटांनी.

आता दिवाळीतल्या किल्ल्याकडेच पाहा. आंगणात दगड, माती, पोती जमवून, त्यावर अळीव पेरून, चिखलाचा बुरूज तीनदा ढासळल्यावर चौथ्यांदा उभा करणारी मुले आपण पाहिली आहेत. आता प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. वजनाला हलका, रंगाने देखणा, गॅलरीत मावतो, भाऊबीजेनंतर माळ्यावर टाकता येतो. फक्त त्यात बुरूज का ढासळतो हे मुलाला कळण्याची सोय नाही.

मी सर्वांनी सर्व गोष्टी घरी कराव्या असे म्हणत नाही. साबण, शर्ट, सायकल मीही विकत घेते. पण प्रत्येक घरात, प्रत्येक मुलाच्या वाट्याला, निदान एक तरी वस्तू अशी असावी की जिच्या पोटात काय आहे ते त्याला ठाऊक आहे, जी बिघडली तर तो उघडील, आणि जी त्याच्या सोयीने वाकेल. आमच्या फळीवरची एक कळ गणपतीत अडकू लागली. मुलीने दोन डाग वितळवले, कळ बदलली, वीस मिनिटांत काम झाले. सातशे रुपयांच्या फलकाची एक कळ गेली की पूर्ण फलक कचऱ्यात जातो, आणि त्या कचऱ्याचे पुढे काय होते हेही आपल्याला ‘काय करायचेय’.

शाळांना माझे सांगणे : एक सोल्डरचे यंत्र, एक मीटर आणि एक जाणता माणूस एवढे ठेवा, आणि तयार मॉडेल आणणाऱ्याला शून्य गुण देण्याचे धैर्य ठेवा. मराठीच्या कैवाऱ्यांना सांगणे : पुढच्या फेब्रुवारीत एक व्याख्यान कमी करा आणि त्या तासात मुलांना इन्स्क्रिप्ट शिकवा. दिवसाला अर्धा तास बसले तर महिन्याभरात बोटे न पाहता चालू लागतात. माझी पाचही मुले चालवतात.

आणि घरोघरच्या वाचकांना : सुट्टी आहे, घरात कोठेतरी बंद पडलेला एखादा जुना कळफलक धूळ खात असेल. तार असेल तर काढून ठेवा, बॅटरी असेल तर आधी ती बाहेर घ्या, आणि मुलांना जवळ बसवून तो स्क्रू-ड्रायव्हरने उघडा. आळ्या शोधा, बोळ शोधा. मग चालू संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट लावा, टोप्यांवर पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून त्यांवर शाईने अक्षरे काढा, आणि मुलाकडून आत्याला किंवा मामाला भाऊबीजेचे चार ओळींचे पत्र देवनागरीत लिहून घ्या. पहिल्या पत्राला तास लागेल. लागू द्या.